खानदेशातील गावांत नैसर्गिक प्रसूती आणि नैसर्गिक कुटुंबनियोजन यांचा प्रसार कसा करावा

नैसर्गिक प्रसूतीचा प्रसार करू इच्छिणाऱ्या कार्यकर्तीने किंवा महिला मंडळाने सर्वप्रथम हे ओळखले पाहिजे, की खानदेशात हा विषय दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत मांडावा लागतो. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा या शहरांत आणि त्यांच्या भोवतालच्या बागायती गावांत बाळंतपण दवाखान्यातच होते, आणि तेथील घरांत सातव्या महिन्यापासून चर्चा असते ती ‘नॉर्मल होईल की सिझर’ याची. याउलट अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवर आजही काही बाळंतपणे घरीच होतात, आणि तेथे प्रश्न असतो तो वेळेवर वाहन, रक्त आणि डॉक्टर मिळण्याचा. शहराजवळच्या गावात अनावश्यक शस्त्रक्रियेविषयी बोलणे हे काम आहे. पाड्यावर तेच भाषण केले तर दवाखान्यात जायला आधीच बिचकणाऱ्या कुटुंबाला घरी थांबण्याचे निमित्त मिळते, आणि त्याची किंमत एखादी बाई आपल्या जिवाने मोजू शकते. म्हणून कोणत्या गावात काय बोलायचे, हे तेथील आशाताई आणि उपकेंद्रातील सिस्टर यांच्याशी बसून आधी ठरवावे आणि मगच पहिली बैठक घ्यावी.

या लेखात ‘नैसर्गिक प्रसूती’ हा शब्द एका मर्यादित अर्थाने वापरला आहे: प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, गरज असल्याखेरीज औषधाने किंवा शस्त्राने घाई न करता, बाईला हिंडू-फिरू देऊन आणि तिच्या माणसाला तिच्याजवळ थांबू देऊन झालेले बाळंतपण. घरी होणारे बाळंतपण असा त्याचा अर्थ नाही, आणि प्रसार करणाऱ्याने हे प्रत्येक बैठकीत स्वच्छ शब्दांत सांगावे.

आकडे कसे सांगावेत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील २५.४ टक्के बाळंतपणे सिझेरियन शस्त्रक्रियेने झाली. देशभराचा विचार केला तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये असे स्पष्ट केले, की एखाद्या लोकसमूहात सिझेरियनचे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता आणि नवजात बालकांचे मृत्यू आणखी घटतात असे दिसत नाही. त्याच निवेदनात, ठरावीक टक्केवारी गाठण्यापेक्षा जिला गरज आहे त्या प्रत्येक बाईला शस्त्रक्रिया मिळाली पाहिजे, असेही म्हटले आहे. पहिले वाक्य सांगून दुसरे गाळणारा प्रचारक बाईची दिशाभूल करतो. हे आकडे समाजाविषयी आहेत, समोर बसलेल्या गरोदर सुनेविषयी नाहीत, आणि ज्या बाईचे सिझर झाले आहे तिला बैठकीतून उठताना आपण कमी पडलो असे वाटू नये याची जबाबदारी बोलणाऱ्याची आहे. अशा बाईला पुढच्या खेपेसही शस्त्रक्रियाच होईल असे नाही. आधीच्या सिझेरियननंतर अनेक बायकांची प्रसूती योनिमार्गे होऊ शकते, मात्र ती जेथे तातडीने शस्त्रक्रिया करता येते अशाच रुग्णालयात, आधीचे कागद डॉक्टरांना दाखवून झाली पाहिजे.

कोणाला सोबत घ्यावे

आशाताई आणि अंगणवाडीताई यांना वगळून केलेला कोणताही उपक्रम दोन महिन्यांत थांबतो, कारण गरोदर बायकांची यादी, माता व बाल संरक्षण कार्ड, लसीकरणाचा दिवस आणि आहार हे सर्व त्यांच्या हातात असते. आदिवासी भागात अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे गरम जेवण मिळते. ती जेवणाची वेळ बोलण्यासाठी उत्तम असते, कारण त्यासाठी बाईला वेगळी मजुरी बुडवावी लागत नाही.

गावातील जुन्या दाईला विरोधक समजू नये. तिला प्रसूती करायला लावणे योग्य नाही, परंतु तिच्याइतका धीर देणारे माणूस प्रसूतिकक्षात दुसरे मिळणे कठीण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक बाईला कळांच्या काळात तिच्या पसंतीचे माणूस सोबत असावे अशी शिफारस आहे, आणि केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिकक्षात सोबतीण असणे हा सन्मानपूर्वक सेवेचा भाग मानला आहे. दाईने सोबतीण म्हणून बाईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात यावे, कंबर चोळावी, पाणी द्यावे, चालवावे, आणि प्रसूती सिस्टरने करावी, अशी वाटणी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून करून घेता येते. दाईचा मान राखला गेला की पाड्यावरची कुटुंबे दवाखान्यात यायला लवकर तयार होतात, असे माझे ठाम मत आहे.

भाषेचा मुद्दा येथेच येतो. सभा प्रमाण मराठीत घेतली तर बायका माना डोलावतात आणि घरी जाऊन सासूला पुन्हा विचारतात. अहिराणी, भिली, पावरी बोलणारी गावातीलच एखादी बाई बोलण्यासाठी तयार करावी आणि आपण मागे बसावे. ‘समजले का’ असे विचारण्याऐवजी ‘तुले काय वाटस?’ असे विचारले की खरी शंका बाहेर येते.

गरोदर बाईला आणि तिच्या घरच्यांना काय सांगावे

तपासण्या वेळेवर होणे ही नैसर्गिक प्रसूतीची पहिली पायरी आहे, कारण ज्या बाईचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि बाळाची स्थिती माहीतच नाही तिला कोणताही शहाणा डॉक्टर निवांतपणे वाट पाहू देणार नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही तारीख केळीच्या कापणीच्या किंवा कापूस वेचणीच्या धांदलीत चुकते, म्हणून ती शेतमालकाच्याही कानावर घालून ठेवावी. सातपुड्यातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे तेथील प्रत्येक गरोदर बाईची सिकलसेलची तपासणी झालीच पाहिजे, आणि तो आजार असणाऱ्या बाईचे बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच झाले पाहिजे. उच्च रक्तदाब, जुळी, पायाळू बाळ, रक्तस्राव, तीव्र रक्तक्षय आणि आधीचे सिझेरियन यांपैकी काहीही असलेल्या बाईलाही हेच लागू आहे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथपर्यंत कोणत्या मार्गाने आणि किती वेळात पोहोचता येईल, याचा विचार कळा सुरू होण्याआधी झालेला असावा.

त्यानंतर कळांविषयी बोलावे, आणि येथे घाई करू नये, कारण बहुतेक पहिलटकरणींना याविषयी कोणीच सविस्तर सांगितलेले नसते. दिलेल्या तारखेलाच बाळंतपण होणाऱ्या बायका फार थोड्या असतात. ती तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढलेला अंदाज आहे. पहिल्या बाळंतपणात गर्भाशयाचे तोंड सुमारे ५ सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ बराच लांबू शकतो, आणि त्यानंतरचा जोराच्या कळांचा काळ १२ तासांपर्यंत चालणे हे २०१८ च्या सूचनांनुसार सामान्यतः अपेक्षित मर्यादेत आहे. ताशी १ सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा जुना नियम सर्व बायकांना लावू नये, असेही त्या सूचनांत म्हटले आहे. हे सासूबाईंना माहीत असेल तर त्या चौथ्या तासालाच ‘काहीतरी करा’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागत नाहीत. अनेक शस्त्रक्रियांमागे कुटुंबाची भीती आणि घाई असते, आणि ती कमी करणे कार्यकर्तीच्या हातात आहे.

कळांच्या काळात चालणे, भिंतीला किंवा माणसाला धरून उभे राहणे, कुशीवर झोपणे, पाणी, सरबत, पेज घेणे यांना हरकत नसते. आडवे झोपूनच राहिले पाहिजे असे नाही. सरसकट एनिमा देणे, केस काढणे, प्रत्येकीला टाके पडतील असा छेद घेणे आणि पोटावर दाब देऊन बाळ बाहेर ढकलणे या गोष्टींची शिफारस नाही. बाळ जन्मल्यावर ते लगेच आईच्या अंगाशी उघडे ठेवावे, नाळ १ मिनिटानंतर बांधावी आणि पहिल्या तासात अंगावर पाजावे. मध, गूळपाणी किंवा घुटी देऊ नये आणि चीक काढून टाकू नये. या दोन गोष्टी आजीच्या तोंडून वदवून घेतल्या तर त्या टिकतात.

प्रत्येक औषधाला ‘अनैसर्गिक’ ठरवण्याची चूक होऊ देऊ नये. बाळ जन्मल्याबरोबर आईला ऑक्सिटोसिनचे जे इंजेक्शन दिले जाते ते अतिरक्तस्राव टाळण्यासाठी असते आणि प्रत्येक बाईने ते घ्यावे, परंतु कळा वाढवण्यासाठी बाळ जन्मण्याआधी घरी किंवा गावातील अप्रशिक्षित उपचारकाकडे तेच इंजेक्शन टोचून घेणे अत्यंत घातक आहे, कारण त्याने गर्भाशय फाटू शकते आणि बाळ गुदमरू शकते. हा फरक गावात वारंवार सांगावा लागतो. बाळाचे जीवनसत्त्व ‘के’ आणि पहिल्या दिवसाच्या लसीही टाळू नयेत.

डॉक्टरांशी कसे बोलावे, हे आठव्या महिन्यातच ठरवावे. कळांच्या वेळी माझी आई जवळ थांबू शकेल का, मला चालू द्याल का, कळा सुरू करण्याचे औषध देणार असाल तर कोणत्या कारणासाठी, आणि सिझेरियन करावे लागले तर त्याचे कारण लिहून मिळेल का, एवढे चार प्रश्न नम्रपणे विचारले तर बहुतेक डॉक्टर उत्तर देतात. उत्तर टाळले गेले तर दुसरे रुग्णालय पाहण्यास तेव्हा वेळ हाती असतो. मात्र कळांच्या वेळी डॉक्टरांनी बाळाचे ठोके कमी होत आहेत किंवा रक्तस्राव होतो आहे असे सांगितले, तर वाद घालू नये.

माहेरचे बाळंतपण आणि स्थलांतर

खानदेशात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि या रीतीमुळे आरोग्य यंत्रणेत एक मोठी फट पडते. सासरच्या आशाताईच्या वहीत नाव असलेली बाई सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते, आणि तेथील आशाताईला ती आल्याचे कळेपर्यंत दोन तपासण्या हुकलेल्या असतात. म्हणून डोहाळजेवणाच्या दिवशीच दोन्ही गावांच्या आशाताईंचे एकमेकींशी फोनवर बोलणे करून द्यावे, आणि माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाची नोंद व बँकेचे पुस्तक लेकीच्या पिशवीत आधी भरावे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, बायका दुपारी एकत्र असतात; गावात या विषयावर मोकळेपणाने बोलण्यासाठी वर्षभरात त्यापेक्षा चांगला काळ नाही.

नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. जिचे दिवस त्या काळात भरणार आहेत अशा बाईने मागे राहावे असे सांगणे सोपे आहे, पण उचल घेतलेल्या जोडप्याला ते परवडत नाही. त्यामुळे ते ज्या भागात जाणार आहेत तेथील सरकारी रुग्णालय कोणते, मुकादमाकडे रात्री वाहन असते का आणि १०८ क्रमांक तेथेही लागतो, एवढे तरी निघण्यापूर्वी पक्के करावे. दुर्गम पाड्यांवरील बाईला दिवस भरत आले की आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहण्याच्या शासकीय सोयीत, आधी येऊन राहता येते. तिच्या मागे घरची लहान मुले कोण सांभाळणार, हे ठरले नाही तर ती येत नाही, आणि त्यासाठी मंडळाने शेजारणीशी बोलून ठेवावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याचे वाहन हे सर्व मोफत आहे, हे अद्यापही प्रत्येक घराला माहीत नाही.

अंगावरून रक्त जाणे, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, झटके, ताप, पाणी जाऊन कळा न येणे, हिरवट पाणी जाणे आणि बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काहीही झाल्यास वाट न पाहता निघावे, ही यादी अंगणवाडीच्या भिंतीवर चित्रांसह रंगवून घ्यावी.

नैसर्गिक कुटुंबनियोजन: आरंभ स्तनपानापासून

नैसर्गिक कुटुंबनियोजनाचा विषय बाळंतिणीपासून सुरू करणे सर्वांत योग्य, कारण तिच्यासाठीची पद्धत सोपी आणि विश्वासार्ह आहे. बाळ ६ महिन्यांपेक्षा लहान असेल, ते दिवसरात्र केवळ अंगावरच पीत असेल आणि आईची पाळी परत आलेली नसेल, तर या तिन्ही अटी पाळल्या जात असेपर्यंत गर्भ राहण्याची शक्यता सुमारे २ टक्के असते. तिन्हींपैकी एकही अट मोडली की संरक्षण संपले. ‘अंगावर पाजते आहे तोवर दिवस जात नाहीत’ हा समज खानदेशात सर्रास आढळतो, आणि बाळ आठ-नऊ महिन्यांचे असताना पुन्हा दिवस जाण्यामागे बहुधा हाच असतो. पाळी येण्याच्या आधी बीज सुटते, त्यामुळे पाळी आली नाही म्हणून दिवस गेले नाहीत असेही समजू नये.

पुढच्या पद्धती शिकवण्याआधी बाईला तिच्या शरीराची ओळख करून द्यावी लागते. बीज सुटल्यावर ते साधारण एक दिवस जगते आणि पुरुषाचे शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून प्रत्येक चक्रात गर्भ राहू शकेल असे सुमारे सहा दिवस असतात. ते नेमके कोणते हे ओळखणे हीच सर्व नैसर्गिक पद्धतींची खटपट आहे. जिची पाळी नियमित २६ ते ३२ दिवसांनी येते तिने पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ८ व्या ते १९ व्या दिवसापर्यंत संबंध टाळावेत. मण्यांच्या माळेने हे मोजता येते. जिची पाळी याबाहेर जाते तिने किमान सहा महिने तारखा लिहाव्यात, सर्वांत लहान चक्रातून १८ आणि सर्वांत मोठ्या चक्रातून ११ वजा करावेत. उदाहरणार्थ २७ आणि ३१ दिवसांची चक्रे असतील तर ९ वा ते २० वा दिवस जपावा लागतो. स्रावाच्या पद्धतीत बाईने रोज योनीतून येणारा स्राव पाहावा. तो आज किंवा काल जाणवला असेल तर आजचा दिवस सुरक्षित धरू नये. निसरडा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा स्राव हा बीज सुटण्याच्या सुमाराचा असतो, आणि तो आजार नव्हे. ‘अंगावरून पांढरे जाते’ म्हणून घाबरणाऱ्या अनेक बायकांना याच माहितीने दिलासा मिळतो. मात्र दुर्गंधी, खाज किंवा दह्यासारख्या गुठळ्या असतील तर तो संसर्ग आहे, तपासून घ्यावे आणि बरे होईपर्यंत ही पद्धत वापरू नये. सकाळी उठण्यापूर्वीच्या तापमानाची नोंदही उपयोगी असते, पण पहाटे पाण्याला आणि शेतावर जाणाऱ्या बाईला ती जमेलच असे नाही, आणि जमत नाही म्हणून तिला दोष देऊ नये.

यशाचे आकडे लपवू नयेत. कोणतीच पद्धत न वापरणाऱ्या १०० जोडप्यांपैकी सुमारे ८५ जणींना वर्षभरात दिवस जातात. माळेची पद्धत अचूक पाळल्यास १०० पैकी ५ आणि प्रत्यक्ष व्यवहारात सुमारे १२ जणींना, स्रावाच्या दोन दिवसांच्या पद्धतीत अचूक पाळल्यास ४ आणि व्यवहारात सुमारे १४ जणींना दिवस जातात. निरोधचे व्यवहारातील प्रमाण साधारण १३ आहे, आणि तांबीचे १ हून कमी. भारतात १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात सुरक्षित दिवसांच्या पद्धतीचे प्रयोग जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने झाले होते, बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या, आणि तरीही ती पद्धत रुजली नाही. नुसती माळ वाटून भागत नाही. किमान तीन चक्रे शिकवणारी बाई सोबत असावी लागते.

नवऱ्यांशी बोलल्याखेरीज हे काम पूर्ण होत नाही, कारण दिवस मोजते बाई, पण ते पाळावे लागतात दोघांना. गावातील एखाद्या शिक्षकाने किंवा दूध डेअरीच्या सचिवाने पुरुषांची वेगळी बैठक घेणे फलदायी ठरते. जेथे नवरा दारू पितो किंवा बाईला नाही म्हणण्याची मुभाच नाही, तेथे ही पद्धत शिकवून तिला असुरक्षित ठेवू नये. तिला तांबी, तीन महिन्यांनी घ्यावयाचे अंतरा इंजेक्शन किंवा छाया ही गर्भनिरोधक गोळी यांची माहिती देऊन सिस्टरकडे पोहोचवावे. प्रसूतीनंतर चार पाळ्या येऊन गेल्याखेरीज माळेची पद्धत वापरू नये. पाळी अनियमित असणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या, किंवा पुन्हा दिवस गेल्यास जिच्या जिवाला धोका आहे अशा बाईने केवळ नैसर्गिक पद्धतीवर विसंबू नये. या पद्धतींनी लैंगिक संसर्गापासून संरक्षण मिळत नाही, आणि चूक झाल्यास ७२ तासांच्या आत घ्यावयाची गोळी आशाताईकडे मिळते, हेही सांगावे.

दिवस मोजून मुलगा होईल असे कोणी शिकवू लागल्यास त्याला बैठकीत तेथेच थांबवावे. गर्भधारणेपूर्वी लिंग निवडण्याचा सल्ला देणे किंवा त्याची जाहिरात करणे हा १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार आणि त्यातील पुढील दुरुस्तीनुसार गुन्हा आहे, आणि मुलींची संख्या घटलेली आपण पाहिलेल्या या भागात तर तो विषय हलका समजता येणार नाही.

नोंदी ठेवण्याची पद्धत

मंडळाने एक वही ठेवावी. तीत कोणाचेही नाव न लिहिता क्रमांकाने प्रत्येक बाळंतपण कोठे झाले, सोबत कोण होते, सिझेरियन झाले असल्यास कोणते कारण सांगितले गेले, बाळाने पहिल्या तासात दूध घेतले का, आणि नंतर कोणती कुटुंबनियोजन पद्धत निवडली, इतकेच लिहावे. एखाद्या बाईला पद्धत पाळूनही दिवस गेले तर ती नोंद गाळू नये, आणि तिच्याकडे चौकशीच्या सुरात विचारणा करू नये. कोणत्या दिवशी गफलत झाली हे तिच्या संमतीने समजून घेऊन शिकवण्यात बदल करावा. दर तीन महिन्यांनी ही वही सिस्टर आणि आशाताई यांच्यासमोर वाचावी. गावाजवळच्या एखाद्या रुग्णालयात एकच कारण पुन्हा पुन्हा लिहिलेले दिसले, तर ते आरोप म्हणून चारचौघांत न बोलता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी कळवावे, आणि त्या पत्राची पोच घेऊन वहीत लावावी.